दिल, डिमांड लेटर आणि डबल क्लच

तुमच्याही ऑफिसात असा एक नमुना असेल. पार्किंगमध्ये गाडी लावून लिफ्टकडे जाताना तो तीनदा मागे वळून बघतो. गाडी नवी कोरी असती तर आपण समजून घेतलं असतं. पण ही असते चांगली दहा-बारा वर्षांची, सेकंडहँड घेतलेली, आणि बाहेरून बघाल तर चारचौघींसारखी हॅचबॅक. फक्त मागच्या दारावर दोन-तीन इंग्रजी अक्षरं चिकटवलेली असतात आणि त्या अक्षरांपायी हा माणूस दर तीन महिन्यांनी गॅरेजवाल्याच्या पोराबाळांच्या फिया भरत असतो. आमच्या ऑफिसातला हा नमुना म्हणजे अस्मादिक.

कंपनीचं नाव सांगत नाही. ज्यांना कळायचं त्यांना पुढच्या दोन ओळींत कळेल आणि बाकीच्यांचं त्यावाचून काही अडणार नाही. २०१४चं मॉडेल, टर्बो पेट्रोल, सात गिअरचा डबल क्लच ऑटोमॅटिक. २०१८मध्ये घेतली तेव्हा ४१ हजार किलोमीटर झाले होते, किंमत दिली ५ लाख ४० हजार. आज मीटर १ लाख १२ हजारांवर आहे. बायको तिला 'सवत' म्हणते. सुरुवातीला गमतीत म्हणायची, आता आवाज जरा बदललाय.

हे येड आपल्याकडे काही नवीन नाही बरं. २००१मध्ये पॅलिओ आली तेव्हा १.६ लिटरवाली घेणारे आणि तिचं अॅव्हरेज विचारणाऱ्याकडे तुच्छतेने बघणारे काका आजही भेटतात. होंडा सिटीची जुनी व्हीटेक, १०६ हॉर्सपॉवरची, ती तर काही घरांत देवघराच्या शेजारी ठेवतील. ऑक्टाव्हियाच्या व्हीआरएसची १.८ टर्बो वीस वर्षांनंतरही कुणीतरी प्रेमाने पुसताना दिसते. या सगळ्यांचा प्रॉब्लेम एकच. गाडी चालवायला लागते तेव्हा स्वर्ग असतो आणि बंद पडली की तिचा पार्ट कुठे मिळतो हे सांगणारा माणूस शोधण्यात आठवडा जातो.

तर झालं असं की, गेल्या पावसाळ्यात आमच्या बाईसाहेबांचा रिव्हर्स गेला.

गेला म्हणजे पूर्ण गेला. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये गाडी चालू केली, गिअर आरमध्ये टाकला, आणि डॅशबोर्डवर पान्ह्याचं चित्र लुकलुकायला लागलं. पुढे जायला तयार, मागे यायला नाही. पुढे तर भिंत. मग मी, वॉचमनकाका आणि दुसऱ्या मजल्यावरचा कॉलेजकुमार अशा तिघांनी मिळून तिला ढकलत बाहेर काढलं. पुढचे आठ दिवस मी फक्त अशाच जागी गाडी लावत होतो जिथून सरळ पुढे निघता येईल. शहरात अशा जागा किती आहेत हे तुम्हाला वेगळं सांगायला नकोच. एकदा तर पार्किंगसाठी ऑफिसपासून एवढ्या लांब गेलो की घरून चालत निघालो असतो तर बरं झालं असतं.

थोडा फंडा समजून घ्या, कारण पुढचा सगळा तिढा त्यावरच आहे. डबल क्लच म्हणजे एका डब्यात दोन क्लच. एकाकडे १-३-५-७ हे विषम गिअर, दुसऱ्याकडे २-४-६ हे सम. तुम्ही दुसऱ्यात असता तेव्हा तिसरा आधीच तयार बसलेला असतो, म्हणून गिअर पडताना झटका नाही, पिकअप तुटत नाही. हायवेवर तर मख्खन. माझ्या गाडीत रिव्हर्स सम गिअरच्या बाजूला बसवलाय. त्यामुळे ती बाजू बसली की गाडी पहिल्यातून थेट तिसऱ्यात उडी मारते आणि मागे जाणं बंद. या क्लचना कधी गुंतवायचं, कधी सोडायचं हे ठरवणारा एक मेंदू असतो, अर्धा इलेक्ट्रॉनिक, अर्धा तेलाच्या दाबावर चालणारा. त्याला मेकॅट्रॉनिक म्हणतात. हा शब्द ज्या दिवशी तुमच्या एस्टिमेटमध्ये येतो, त्या दिवशी घरी जरा उशिराच जावं.

एस्टिमेट क्रमांक एक, मोठ्या एसी वर्कशॉपमधलं. कॉफी छान होती. अख्खं युनिट नवीन, क्लचचा सेट नवीन, मजुरी, टॅक्स, सगळं मिळून २ लाख १८ हजार. एस्टिमेट क्रमांक दोन, आमचे उस्ताद. नाना पेठेतून पार्ट आणणारे, हाताला ग्रीस आणि तोंडात बडीशेप. त्यांनी लॅपटॉप लावला, फॉल्ट कोड वाचले, गाडी दोन चकरा फिरवली आणि म्हणाले, "साहेब, अख्खं कशाला बदलायचं? खोलू, जे गेलंय तेवढं बदलू, क्लच सेट घालू. पंच्याण्णव हजार. सहा महिन्यांत काही झालं तर मी आहे." तिसरा पर्याय कुर्ल्याच्या सीएसटी रोडचा. अपघातात गेलेल्या गाडीचा काढलेला गिअरबॉक्स, चाळीस हजार, आणि गॅरंटी दुकानाच्या पायरीपर्यंत.

याच आठवड्यात बिल्डरचं डिमांड लेटर आलं. पुनावळ्याच्या आमच्या फ्लॅटचा नववा स्लॅब पडला होता. बँकेचा हप्ता वगळून आमच्या वाट्याचे ४ लाख ६० हजार तीस दिवसांत भरा, नाहीतर व्याज. स्लॅब पडला याचा आनंद मानावा की आपण पडलो याचं दुःख, कळेना. बायकोने दोन्ही कागद, डिमांड लेटर आणि एस्टिमेट, डायनिंग टेबलवर शेजारीशेजारी ठेवले आणि काहीही न बोलता भाजी निवडायला बसली. लग्न झालेल्यांना या शांततेची किंमत माहीत आहे.

अशा वेळी मित्रांना सल्ला विचारू नये. मी विचारला. अर्धे म्हणाले, "विकून टाक यार, डोक्याला शॉट." उरलेले अर्धे म्हणाले, "अशी गाडी परत मिळणार नाही, ठेव." ठेव म्हणणाऱ्यांपैकी एकाचीही स्वतःची गाडी तीन वर्षांहून जुनी नव्हती.

मग गेलो बाबांकडे. बाबा एसटीच्या दापोडी वर्कशॉपमधून रिटायर झालेत. आयुष्य इंजिनं उघडण्यात गेलं, पण आमच्या गाडीला त्यांनी कधी नावं ठेवली नाहीत की कौतुकही केलं नाही. फक्त बसताना "जरा खाली आहे" म्हणतात आणि गुडघा धरतात. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, "बिलं ठेवलीस का?" फाइल माझ्याकडे होतीच. या बाबतीत मी त्यांचाच मुलगा. शनिवारी दुपारी चष्मा लावून बसले आणि जुन्या डायरीच्या पानावर मधोमध रेघ मारली. डावीकडे लिहिलं 'झीज', उजवीकडे 'मोडतोड'.

"टायर कुठे?"

"मोडतोड?" मी म्हणालो.

"अरे, टायर नव्या गाडीचेही झिजणार. ब्रेक पॅड, बॅटरी, ऑइल, सस्पेन्शनचे बुश, सगळं झीज. ते गाडीच्या खात्यावर धरायचं नाही. तू चाललास त्याचं भाडं आहे ते."

सात वर्षांत दुरुस्ती-सर्व्हिसचे मिळून ३ लाख १२ हजार गेले होते. विमा आणि पेट्रोल वेगळं. इतके दिवस हा आकडा मी बायकोपासून आणि जमेल तितका स्वतःपासूनही लांब ठेवला होता. पण बाबांच्या रेघेने त्याचे दोन तुकडे केले. झीज २ लाख ५ हजार, मोडतोड १ लाख ७ हजार. मोडतोडीत काय काय? एकदा टर्बोचा अॅक्च्युएटर, एकदा वॉटर पंप, एकदा एसीचा कॉम्प्रेसर. वर्षाला साधारण पंधरा हजार. बाबांनी भुवया उंचावल्या. "बरी आहे की गाडी."

मग मी जोशात येऊन दुसरी बाजूही मांडली. समजा नवीन गाडी घेतली, ऑन रोड तेरा लाखांची. तीन लाख हातचे, दहा लाखांचं कर्ज, ९ टक्के, पाच वर्षं. ईएमआय २० हजार ७५८ रुपये. पाच वर्षांत नुसतं व्याज जातं साधारण २ लाख ४५ हजार. आणि पाच वर्षांनी ती गाडी निम्म्या किमतीला गेली असं धरलं तर साडेसहा लाख हवेत विरले. दोन्ही मिळून वर्षाला जवळपास १ लाख ८० हजार, आणि यात पेट्रोल, सर्व्हिस, विमा काहीच नाही. म्हणजे उस्तादांचे पंच्याण्णव हजार मी दर वर्षी भरले असते तरी जुनी गाडी स्वस्तच. कागदावर तरी आमची सवत आरामात जिंकत होती. 'जुन्या गाडीवर खर्च करणं म्हणजे पाण्यात पैसे' असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला हे गणित करायला लावा. नव्या गाडीचे पैसेही पाण्यातच जातात, फक्त ते पाणी शोरूमच्या कारंज्याचं असल्यामुळे गोड वाटतं.

एक गंमत सांगतो. आपण हिशोब करताना हमखास एक आकडा मध्ये घुसवतो. 'गेल्या वर्षीच कॉम्प्रेसरला अठ्ठावीस हजार घातले, आता कशी विकू?' बाबांनी तो आकडा ऐकूनच घेतला नाही. "तो कॉम्प्रेसर गार हवा देऊन गेला. आता पुढचं बोल." गेलेले पैसे गेले. ठेवायची की नाही हे ठरताना प्रश्न फक्त आजपासून पुढे किती लागणार एवढाच.

आणि इथे बाबांनी असा प्रश्न विचारला जो माझ्या एक्सेल शीटमध्ये नव्हता.

"रोज किती चालते ते नको. कशी चालते ते सांग."

कशी चालते? घर ते हिंजवडी अकरा किलोमीटर, सकाळी एक तास दहा मिनिटं. संध्याकाळी पाऊस असेल तर दीड तास. म्हणजे गाडी चालतच नाही, रांगते. दोन फूट पुढे, ब्रेक, दोन फूट पुढे, ब्रेक. आणि माझा गिअरबॉक्स आहे ड्राय क्लचचा. त्याच्या क्लच प्लेटा तेलात बुडलेल्या नसतात. गाडी रांगते तेव्हा क्लच धड लागलेला नसतो, धड सुटलेला नसतो. घासत राहतो, तापत राहतो, आणि गार करायला तेल नाही. हाच गिअरबॉक्स मोकळ्या रस्त्यावर वर्षानुवर्षं काही बोलत नाही. मी गेली तीन वर्षं त्याला रोज अडीच तास मंद आचेवर शिजवत होतो. उस्तादांनी नवीन क्लच घातला तरी सोमवारी सकाळी तो भूमकर चौकातच उभा राहणार होता.

बाबा बराच वेळ डायरीकडे बघत होते. मग म्हणाले, "आमच्याकडे घाटात चांगली चालणारी गाडी शहरात आणून उभी केली की महिन्याभरात कुरकुर सुरू. गाडी तीच, ड्रायव्हर तोच. डेपो चुकलेला असायचा." डायरी मिटली. "हिला मारू नकोस. हिची बदली कर."

एक सांगायला हवं. ही गाडी बाबांनाही काही परकी नव्हती. एप्रिल २०२१मध्ये रात्री दीड वाजता त्यांचा ऑक्सिजन ८६वर आला, अॅम्ब्युलन्स मिळेना, तेव्हा याच गाडीच्या मागच्या सीटवर त्यांना आडवं करून मी शहरभर फिरलो होतो. पहिल्या दोन हॉस्पिटलांच्या दारातूनच परत पाठवलं, तिसरीकडे बेड मिळाला. त्या रात्री रस्ते रिकामे होते. तेवढी जोरात मी ती गाडी परत कधी चालवली नाही. तेरा दिवसांनी बाबा घरी आले तेही तिच्यातच. त्यामुळे 'बदली कर' म्हणणारा माणूस तिला नुसतं लोखंड समजत नव्हता, हे मला माहीत होतं. त्यावर आम्ही दोघं काही बोललो नाही. आमच्याकडे तशी पद्धत नाही.

आता तुम्ही म्हणाल, ठेवा की घरी, रविवारी काढा ताम्हिणीला. हे स्वप्न आम्हा लोकांचं फार जुनं. पण त्यासाठी दोन गाड्या लागतात आणि दोन पार्किंग. सोसायटीत आम्हाला एकच मिळालंय आणि त्यावरूनही मीटिंगमध्ये भांडण होतं. शिवाय उभ्या गाडीचाही खर्च असतो. विमा आहेच. पाच वर्षांनंतर गाडीची विम्यातली किंमत ठरलेल्या तक्त्याने निघत नाही, कंपनी आणि तुम्ही मिळून ठरवता, म्हणजे दर वर्षी एक घासाघीस. २०२९मध्ये पंधरा वर्षं होणार, मग फिटनेस, रजिस्ट्रेशन रिन्यूअल, ग्रीन टॅक्स. रिन्यूअलची फी एप्रिल २०२२पासून ६०० रुपयांवरून थेट ५ हजार झालीय, आणि ऑगस्ट २०२५च्या नियमांत वीस वर्षांपुढच्या कारसाठी १० हजार. पेट्रोलमध्ये आता वीस टक्के इथेनॉल आहे आणि माझ्या गाडीचं मॅन्युअल दहापर्यंतच हो म्हणतं. लगेच आग लागत नाही, घाबरू नका. पण एका लिटर इथेनॉलमध्ये पेट्रोलच्या मानाने साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते, त्यामुळे अॅव्हरेज थोडं घसरतं, आणि जुने रबरी पाइप, सील यांच्यावर डोळा ठेवावा लागतो. महिनाभर उभ्या राहणाऱ्या गाडीत तर जास्तच.

राहिला दिलाचा मामला. त्यासाठी मी साक्षात सचिनची मदत घेतली. ब्रॅडमनच्या २९ शतकांची बरोबरी केली म्हणून २००२मध्ये त्याला फेरारी ३६० मोडेना भेट मिळाली, तीही शूमाकरच्या हातून. कस्टम ड्यूटीवरून केवढा गदारोळ झाला होता, आठवतंय? मरीन ड्राइव्हवर रात्री ती लाल गाडी दिसली का, यावर लोक पैजा लावायचे. ती गाडीसुद्धा २०११मध्ये सुरतेच्या एका व्यापाऱ्याकडे गेली. सचिन विकू शकतो तर आपण कोण लागून गेलो! (बायकोचं म्हणणं, त्याच्याकडे दुसऱ्या गाड्या होत्या. मुद्दा बरोबर आहे.)

विकायचं ठरलं, आणि खरी परीक्षा तिथे सुरू झाली.

घरी येऊन गाडी तपासणाऱ्या एका ऑनलाइन कंपनीच्या मुलाने टॅब्लेटवर दोनशे टिकमार्क केले आणि आकडा सांगितला, १ लाख ४० हजार. त्याच्या टॅब्लेटला टर्बो कळत नव्हता, फाइल कळत नव्हती. तीन वर्षं सारखं पॉलिश केलेला रंग तर अजिबातच नाही. त्याचाही इलाज नव्हता. नव्या छोट्या गाड्यांवरचा जीएसटी सप्टेंबर २०२५मध्ये २८वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हापासून सेकंडहँडच्या भावालाही खाली बघावं लागतंय. त्यात डीलरला त्याच्या नफ्यावर १८ टक्के जीएसटी भरायचा असतो, तो कापून तो तुम्हाला भाव सांगणार. तुम्ही स्वतः थेट दुसऱ्या माणसाला विकलीत तर हा टॅक्स लागत नाही, म्हणून थोडी पायपीट केलेली बरी.

मग एक ब्रोकर भेटला. गोड माणूस, बोलण्यात साखर. म्हणाला, "सर, मी २ लाख ६० हजार काढून देतो. फक्त शोरूमसारखं काही सांगत बसायचं नाही. स्कॅनर लावून कोड क्लिअर करू. गाडी गार असताना टेस्ट ड्राइव्ह द्यायची, सकाळी लवकर. दोन दिवस काही होत नाही."

"आणि तिसऱ्या दिवशी?"

"तिसऱ्या दिवशी गाडी तुमची नाही ना सर."

२ लाख ६० हजार. डिमांड लेटरचा अर्ध्याहून मोठा तुकडा. खोटं सांगत नाही, मी त्या रात्री जागा होतो. एक लाख वीस हजारांचा फरक म्हणजे आमच्या घरात गंमत नाही. बायकोला सांगितलं तेव्हा ती कपड्यांच्या घड्या घालत होती. हात न थांबवता म्हणाली, "म्हणजे तिसऱ्या दिवशी कुणाचातरी वॉचमन ढकलत असणार." आणि टॉवेलची घडी घातली. सकाळी मी ब्रोकरला नको म्हणून कळवलं. त्याला राग आला नाही, फक्त माझी कीव आली असावी.

जाहिरातीत मी सगळं लिहिलं. रिव्हर्स नाही, सम गिअर नाहीत, कोड अमुक, उस्तादांचं एस्टिमेट पंच्याण्णव हजार, बिलांची फाइल पूर्ण, गाडीला कधी रीमॅप केलं नाही, एक्झॉस्ट कंपनीचाच. हे शेवटचं लिहिणं महत्त्वाचं. अशा गाड्यांत 'स्टेज वन' करून वीस-पंचवीस हॉर्सपॉवर वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. पण वाढलेली ताकद त्याच बिचाऱ्या क्लचवर येते, आणि विमा कंपनीला न कळवता केलं असेल तर क्लेमच्या वेळी तोंड लपवावं लागतं. विकत घेणारा जाणकार असेल तर न छेडलेली गाडी त्याला चार पैसे जास्त द्यायला लावते.

चार दिवस काही नाही. आले ते 'लास्ट किती' विचारणारे, गाडी न बघताच. पाचव्या दिवशी कोल्हापूरहून फोन. "दादा, रिव्हर्स पडत नाही म्हणताय, मग ट्रेलरवर चढवायची कशी?" म्हटलं, हा गाडी घेणार.

रविवारी पहाटे निघून तो नऊला हजर. वय असेल चोवीस. शिरोली एमआयडीसीत वडिलांचं मशिनशॉप, स्वतः डिप्लोमा केलेला. बरोबर स्वतःचा स्कॅनर, टॉर्च आणि गाडीखाली सरकायला जुनी चटई. चहासुद्धा घेतला नाही, आधी गाडीखाली गेला. तिथूनच आवाज येत होता, "दादा, लोअर आर्म कधी बदलले? गंज न्हाई बघा कुठं. लई जपलीय." बाबाही आले होते. ते खुर्ची टाकून बसले आणि दोघांचं जे सुरू झालं ते तासभर. तो विचारत होता, "काका, अॅक्युम्युलेटरच गेला असंल का बोर्ड?" आणि बाबा, ज्यांनी आयुष्यात डबल क्लच उघडलेला नाही, ते प्रेशरचं काय झालं असेल हे त्याला डायरीत काढून दाखवत होते.

मी विचारलं, "रोज वापरणार?"

"रोजला बुलेट हाय की. ही आपली रविवारची. गगनबावडा, आंबा घाट. तिथं कुठलं ट्रॅफिक?"

भाव १ लाख ७५ हजारांवर ठरला. तो दीडवरून आला, मी दोनवरून. ब्रोकरच्या आकड्यापेक्षा ८५ हजार कमी. उरलेलं डिमांड लेटर पीएफचा अॅडव्हान्स आणि बायकोची एक मोडलेली एफडी यांनी भरलं. एफडी तिने स्वतःहून मोडली, म्हणून मी पुढची पाच वर्षं दिवाळीत फराळाची भांडी घासणार आहे, असं ठरलंय.

विकणाऱ्यांसाठी एक खबरदारी, कारण इथे भले भले ढिलाई करतात. पैसे आले, चावी दिली, टाटा केला, संपलं असं नसतं. फॉर्म २९ आणि ३० वर सह्या, दोघांच्या आयडीच्या प्रती, किती वाजता गाडी दिली त्याची वेळ लिहिलेली डिलिव्हरी नोट, हे सगळं त्याच दिवशी. विकल्याची माहिती चौदा दिवसांत आरटीओला द्यायची ती तुम्ही. आरसीवर तुमचं नाव आहे तोवर मालक तुम्हीच. मधल्या काळात अपघात झाला तर भरपाईची जबाबदारी रजिस्टर्ड मालकावर येते, हे सुप्रीम कोर्टाने २०१८मध्ये स्पष्ट केलंय. 'पोरगा चांगला आहे, करेल सावकाश' हे कोर्टात चालत नाही. आमचा पोरगा खरंच चांगला होता, त्याने सह्या करता करता स्वतःच अर्ज भरायला घेतला.

ट्रेलरसाठी तो दोनदा फोन करून बघत होता, रविवारचा कुणी मिळेना. शेवटी म्हणाला, "पुढं तर जातीय की. पहिला, तिसरा, पाचवा, सातवा. हायवेला मागं कशाला जायचंय?" उस्तादांना फोन लावला. ते म्हणाले, ऑइल आहे, टेम्परेचर वाढत नाही, उभं न राहता सावकाश नेली तर जाईल, पण जोर नको. बाबांनी त्याला दोनदा बजावलं, चढाला पहिल्यातच ठेव, घाई नाही. मग त्यांनी बॉनेटवर हात ठेवला, तपासल्यासारखा, आणि आत निघून गेले.

फास्टॅग माझ्याच खात्यावर होता. त्याला म्हटलं, घरी पोच, मग बंद करतो, टोलला अडकायला नको.

तो गेला सव्वा एकला. मी जेवलो, उगाच टीव्ही लावला. पावणेतीनला मोबाइल वाजला, खेड शिवापूर, टोल कट. बायकोने विचारलं, "कुठे?" म्हटलं, खंबाटकीला लागेल आता. तो चढ पहिल्या-तिसऱ्यात. त्यानंतर बराच वेळ काही नाही. मी गॅलरीत दोन चकरा मारल्या. साडेचारला आनेवाडी. बाबांचा फोन आला, "पोचला का?" म्हटलं, सातारा. म्हणाले, "बरं," आणि फोन ठेवला नाही, मीच ठेवला. पावणेसहाला तासवडे. पुढे सरळ रस्ता.

सात वाजून पाच मिनिटांनी किणी.

अर्ध्या तासाने त्याचा फोटो आला, मशिनशॉपच्या शटरसमोर गाडी, नाक बाहेर. खाली लिहिलं होतं, 'पोरांनी ढकलून आत घेतली, वळवून.' मी बाबांना फोटो पुढे पाठवला आणि फास्टॅग बंद केला.